साडूंचा राग आणि सक्तीचे रकाने

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात माणसाचं डोकं फिरवणाऱ्या गोष्टींची काही ददात नाही, पण त्या सगळ्या सोडून संगणकाच्या पडद्यावरच्या एखाद्या चौकटीपायी डोक्यात राख घालून घेणारा माणूस इथे एकच आहे, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. तळेगाव चौकात कंटेनर आडवा झाला आणि गाड्या जागच्या हलेनाशा झाल्या, तर आमचे थोरले साडू सीट मागे टाकून शांत झोपतात. चहात माशी पडली तर ती चमच्याने काढून उरलेला चहा पितात. पण एखाद्या कंपनीने तारीख पाठवताना महिना आधी आणि दिवस नंतर लिहिला, की हाच माणूस लालबुंद होतो, चष्मा काढतो, पुन्हा लावतो आणि 'नालायक' या शब्दाचा असा काही सपाटा लावतो की आमच्या सासूबाई आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात जाऊन जेवतात.

साडू प्रोग्रामर आहेत. एका कंपनीचा संगणक दुसऱ्या कंपनीच्या संगणकाशी परस्पर बोलतो, ते बोलणं कसं असावं हे ठरवायचं काम त्यांचं. म्हणजे मी ज्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो, त्या निघोज्याच्या कारखान्यातून मोटारीचे हादरे झेलणाऱ्या रबरी बुशांची गाडी सुटली, की काय निघालं, किती निघालं, कुठल्या गाडीतून निघालं हे सगळं चाकणच्या मोठ्या कंपनीच्या संगणकाला आपोआप कळलं पाहिजे. ऐकायला हे घरबसल्या करण्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. पण दोन यंत्रांना एकमेकांची भाषा कळेनाशी झाली की मध्ये माणूसच लागतो, आणि तो माणूस म्हणजे कायम आमचे साडू. होसूर, साणंद, जमशेदपूर, पुन्हा होसूर. आकुर्डीच्या त्यांच्या घरात ती प्रवासाची बॅग माळ्यावर कधी चढलीच नाही. ती दारामागे असते आणि फरशी पुसणारी बाई तिच्या भोवतीने फडकं फिरवते. मुलगी सई प्राथमिक शाळेत होती तेव्हा त्यांचं हे हिंडणं सुरू झालं, ते ती बारावीला आली तरी थांबलं नाही. साडूंची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो, ती हल्ली नवऱ्याचं नाव निघालं की 'हो, आहेत एक' एवढंच म्हणते.

या वणवणीने साडू इतके पिचले होते की त्यांना विमानाचासुद्धा राग येई. हॉटेलात गेलं की रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' या रकान्यात ते 'दुसऱ्यांची घाण काढणे' असं ठसठशीत लिहीत. चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर लॅपटॉपचा नंबर रोज नव्याने लिहून द्यावा लागतो. एकदा मी सोबत असताना ते वॉचमनवर कडाडले, "अहो, लॅपटॉप तोच, माणूस तोच, तुमचं रजिस्टरही तेच! काल लिहिलंय ना?" वॉचमन निर्विकारपणे म्हणाला, "साहेब, काल काल होता." साडूंनी नंबर पुन्हा लिहून दिला, आणि त्याचा राग गाडीत बसल्यावर माझ्यावर काढला. घरीही तीच तऱ्हा. ताईने मंडईत पाठवलं आणि मागून कोथिंबिरीसाठी एक फोन, मिरच्यांसाठी दुसरा, लिंबासाठी तिसरा केला, तर हे काहीही न घेता रिकामी पिशवी घेऊन परत आले! म्हणाले, "एकदाच विचार, पूर्ण विचार. दर लिंबाला एक फेरी मारायला लावणाऱ्या प्रोग्रामरला मी कामावरून काढला असता." ताई म्हणाली, "काढा ना. मग तुम्हीच करा आमटी." त्या दिवशी मी तिथेच जेवायला होतो, त्यामुळे बिनकोथिंबिरीची आमटी मलाही गिळावी लागली.

पण खरा जिवावर उठणारा राग त्यांना एकाच गोष्टीचा येतो, तो सक्तीच्या रकान्याचा. ही गोष्ट मी अंगावर झेलली आहे म्हणून सांगतो.

त्यांच्या कंपनीच्या आकुर्डीच्या ऑफिसात बैठ्या कामाची एक जागा निघाली. घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. प्रवास बंद, संध्याकाळचा चहा घरी. साडूंना ती जागा इतकी हवी होती की ते महिनाभर कोणावरही ओरडले नाहीत. जागा जवळजवळ ठरलीच होती. चाकणच्या मोठ्या कंपनीत नव्या साहेबांनी मालाची माहिती संगणकात भरण्याची जी नवी पद्धत बसवली होती, तिच्या उद्घाटनाला साडूंनी हजर राहायचं आणि 'पद्धत उत्तम आहे' एवढंच म्हणायचं, की काम झालं. आम्हा माल पुरवणाऱ्यांनाही त्या दिवशी बोलावलं होतं. सकाळी ताईचा मला फोन आला. "तुम्ही जवळ बसा त्यांच्या. तोंड उघडलं तर पाय दाबा. यंदा सईची बारावी आहे हो." मी गाडीत साडूंकडून वचन घेतलं. ते म्हणाले, "साडूभाऊ, मी काय वेडा आहे का? मलाही घरी यायचंय." हे त्यांचेच शब्द आहेत.

त्यांना बसवलं व्यासपीठावर आणि मी पाचव्या रांगेत, तेव्हा पाय दाबायचा प्रश्नच मिटला. नवे साहेब म्हणाले, "पूर्वी निम्मे रकाने रिकामे यायचे. आता आपण सगळे रकाने सक्तीचे केलेत. बघा, एकही रिकामा नाही!" भरलेला एकेक रकाना हिरवा होत पडदा वरपासून खालपर्यंत हिरवागार झाला. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. तेवढ्यात साडूंनी चष्मा काढला. मी पाचव्या रांगेतून मान हलवून नको नको म्हणत होतो, तोच त्यांची नजर माझ्यावर पडली.

"साडूभाऊ, जरा उभे राहा."

सगळ्या सभेला आमचं नातं कळलं. मी उभा राहिलो.

"तुमच्या रबरी बुशला हीट ट्रीटमेंटचा बॅच नंबर असतो?"

"नसतो. तो पोलादी मालाला असतो."

"मग त्या रकान्यात काय भरता?"

समोर आम्हाला माल मागणारी कंपनी, व्यासपीठावर तिचे साहेब, आणि हा माणूस मला भर सभेत नागडा करत होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं तरी काय सांगू?

"एक," मी म्हणालो. "नाही भरलं तर पुढे जात नाही."

कोणीतरी हसलं. पॅकिंगची खोकी बनवणारे शेखभाई माझ्या शेजारून म्हणाले, "आम्ही शून्य टाकतो, साहेब. एक टाकला तर कोणी विचारेल एक म्हणजे काय. झीरो को कौन पूछता है?" मागून महाळुंग्याचे एक प्लास्टिकची झाकणं बनवणारे भाऊ ओरडले, "आमी गाडीचाच नंबर टाकतो राव! कायतरी टाकल्याबिगर फुडं जातच न्हाई त्ये!" मग सगळा हॉलच सुटला. कोणी मालकाचा मोबाइल नंबर टाकत होतं, कोणी पिनकोड.

साडू मात्र हसत नव्हते. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हे हिरवं दिसतंय ना, ते सगळं खोटं आहे. उद्या रस्त्यावर एखाद्या गाडीचा एक्सल तुटला आणि तुम्ही त्याचा बॅच शोधायला बसलात, तर तिथे पिनकोड सापडेल! रिकामा रकाना निदान खरं तरी सांगत होता. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्याला 'काही नाही' म्हणू द्या की! अख्ख्या चाकणला खोटं बोलायला लावताय तुम्ही."

नवे साहेब हसून म्हणाले, "आपण हे ऑफलाइन बोलू." साडू म्हणाले, "ऑफलाइन नाही, इथंच बोला." त्यावर चहा आला.

आकुर्डीची जागा गेली. हातातोंडाशी आलेला घास या गृहस्थांनी स्वतः उडवून लावला आणि त्यांना पुन्हा होसूरला धाडलं गेलं, या खेपेला लांबच्या मुक्कामाला. मी त्यांच्याशी बरेच दिवस बोललो नाही. कोणी सांगितलं होतं? एक मान हलवायची होती, बास! पुढे ते रकाने ऐच्छिक झाले, पण ती सुधारणा नव्या साहेबांच्याच नावावर जमा झाली, याचा तर मला आजही संताप येतो. साडूंना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "झाले ना? मग झालं." ताई तेवढ्यावर थांबली नाही. ती म्हणाली, "ह्यांना परक्यांचे रकाने रिकामे चालतात, स्वतःच्या घरातली खुर्चीसुद्धा रिकामी चालते." त्यावर मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली, पण धीर झाला नाही.

सईची बारावी झाली. निकालानंतर साडू दोन दिवसांसाठी आले, म्हणून आम्हीही आकुर्डीला गेलो. दारात त्यांनी चपला पाहुण्यासारख्या कडेला नीट काढून ठेवल्या. सईने पेढा दिला तेव्हा तिला 'थँक यू' म्हणाले. कॉलेज कुठलं, शाखा कुठली, हे सगळं ठरून गेलं होतं आणि ते फक्त ऐकत होते. सईने तारीख सांगताना मुद्दाम महिना आधी आणि दिवस नंतर सांगितला आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते नुसतं हसले. या माणसाने आत्ता कशावर तरी भडकावं, असं मला फार वाटलं. मग ते हात धुवायला आत गेले आणि त्यांनी बाथरूमच्या दारातून हळूच विचारलं, "हा निळा टॉवेल कोणाचा आहे? मी घेतला तर चालेल?"

ताई कणीक मळत होती. "घ्या ना," ती वळून न बघता म्हणाली, आणि तिचे हात परातीत तसेच थांबले.

साडू क्षणभर टॉवेलाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी खिशातून स्वतःचा रुमाल काढला आणि त्यालाच हात पुसले.