मोहन्याला, मार्थाकडे

राहुरीहून निघालेली एसटी आळेफाटा सोडून माळशेज घाटाला लागली, तेव्हा बसमधले निम्मे लोक खिडकीतून दरीचे फोटो काढत होते. मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसले होते. मे महिन्यातला घाट उघडाबोडका. काळे कडे, वाळलेलं गवत आणि खाली बघवत नाही इतकी खोली. पण मला दरीची भीती वाटत नव्हती. आदल्या दिवशी माझी धाकटी बहीण मार्था फोनवर अगदी आनंदाने म्हणाली होती, "ताई, मी इन्सुलिन सोडलं. पास्टरांनी प्रार्थना केली आणि प्रभूने मला बरं केलंय. आता सुई टोचली तर तो अविश्वास होईल."

आम्ही दोघी जन्माने ख्रिस्ती. माझा विश्वास रविवारच्या साडीसारखा, नेसायचा आणि पुन्हा घडी घालून ठेवायचा. मार्थाचं तसं नाही. नवरा गेल्यावर तिने सगळा भार देवावर टाकला होता. तिला रागवावं तरी कसं, हेच मला कळत नव्हतं. तिचंच खरं असलं तर?

मुरबाडला द्रोणातली करवंदं घेतली, पण ती तशीच पिशवीत राहिली. कल्याणला उतरून घाईघाईत एका शेअर रिक्षात बसले. बरंच पुढे गेल्यावर रिक्षावाला म्हणाला, "मावशी, मोहने? अहो, ही खडकपाड्याची! चुकीच्या रिक्षात बसलात तुम्ही." पुन्हा मागे फिरण्यात किती वेळ गेला कोण जाणे. तोवर मार्थाचा फोन लागेनासा झाला होता.

मोहन्यात शिरताना बंद कारखाना दिसला. पलीकडे उल्हास नदी, पाणी झाकून टाकणाऱ्या जलपर्णीने हिरवीगार. चाळीच्या दारातच शेजारच्या गोमतीबाई उभ्या होत्या. हातात तांदळाच्या पेजेचं पातेलं.

"तू भैन ना गो? बरा झाला आलीस. सकालपासून उलट्या करते. मी बोलले डॉक्टरकडं चल, तं आयकत नाय."

आत मार्था पलंगावर पडली होती. खोल, भराभर श्वास घेत होती आणि तिच्या तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. उशाशी एक तरुण माणूस बसला होता, तिच्या चर्चच्या मंडळीचा पास्टर. त्याला काय काय सुनावायचं ते मी घाटातच ठरवलं होतं.

"तुम्ही सांगितलंत हिला सुई बंद करायला?"

"नाही हो, ताई. मी बरं होण्यासाठी प्रार्थना केली होती. सुई बंद केलीय, हे मला आत्ता इथे आल्यावर कळलं." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "दवाखान्यात चला म्हणालो तर हिचा विश्वास मोडेल. आणि नाही म्हणालो तर..."

मार्थाने डोळे अर्धवट उघडले. "ताई, आता मला मागे फिरायला लावू नकोस."

मी तिच्याजवळ बसले. "मार्था, दवाखान्यात प्रभू नसतो का गं?" मी विचारलं खरं, पण उत्तर मलाही हवं होतं.

तेव्हा पास्टर गुडघ्यांवर आला. "मार्थाबाई, बरं कर असं मी देवाला म्हणालो. कसं कर, ते सांगणारा मी कोण? चला."

"मग मी हरले?" ती रडायला लागली. मी पदराने तिचे डोळे पुसले. तेवढ्यात गोमतीबाईंनी रिक्षा दारात आणली, आणि पास्टरने आणि मी तिला उचलून आत बसवलं.

वाटेत रिक्षा गर्दीत अडकली. मार्थाची मान माझ्या खांद्यावर जड होत चालली. लहानपणापासून पाठ असलेल्या स्तोत्रांतली एकही ओळ आठवेना. "येशू, धर. येशू, धर," एवढंच तोंडातून निघत होतं. पलीकडे कुणी ऐकतंय की नाही, याची मला जराही खात्री नव्हती. पण थांबायचीही हिंमत नव्हती.

"अजून उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रात्री मी दवाखान्यातल्या बाकावर बसून होते. पास्टरही होता.

दुसऱ्या दिवशी मार्था शुद्धीवर आली. छताकडे बघत म्हणाली, "ताई, मी सोडलं का गं प्रभूला?"

"मला नाही माहीत. रिक्षात मी मात्र त्याला धरून होते. आणि भीतीने माझा जीव जात होता."

"भीती वाटत असताना धरलंस?"

"हो."

नर्स सुई घेऊन आली, तेव्हा मार्थाने डोळे मिटले आणि हात पुढे केला.

ती घरी आल्यावर चार दिवस राहून मी परतीच्या एसटीत बसले. विश्वास पक्का असला की भीती उरत नाही, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता तसं वाटत नाही. भीती अजूनही आहे. मार्थाच्या घरात रोज सुई घ्यायला लावणारं दुसरं कुणी नाही.

घरी पोहोचले त्या संध्याकाळी मीच फोन केला.

"घेतलीस का?"

"घेतली. भीती वाटली. आधी प्रार्थना केली."

"काय मागितलंस?"

"काही नाही. आहेस ना, एवढंच विचारलं."

"मग?"

"कुणी काही बोललं नाही, ताई," मार्था म्हणाली. "मग मी टोचली."