तुपाचे नऊशे सत्त्याण्णव डबे

वाळू कितीही झाडा, संध्याकाळी उंबऱ्यात पुन्हा असतेच. आमच्या हुसेन मुकादमाचे किस्से तसेच. एक संपवावा तर दुसरा दारात! साठ सालानंतरची गोष्ट, दुबईतल्या देरा भागातली. आमचे हे, इस्माईल, खाडीजवळच्या गोदामात कामाला. किल्ली ह्यांच्याकडे आणि संशय मुकादमाकडे!

मी जेवणाचा डबा न्यायची. परतताना मुकादम आडवा. "भाभी, चेकिंग!"

मी झाकण उघडलं. "माशाचे काटे आहेत. मोजून घ्या!"

त्यानं मोजले हो!

*

दुसऱ्याच्या मोजणीवर मात्र त्याचा भरवसा नव्हता. "मोजणारा खोटं बोलतो, रांग बोलत नाही." म्हणून माल सारख्या रांगांत लावायचा. शेवटची रांग तोकडी निघाली की चोरी झाली!

एकदा चहाचे पेले लावले. एक कमी. सगळ्यांचे खिसे तपासले. शेवटी हे म्हणाले, "मुकादम, तुम्ही चहा कशातून पिताय?"

*

मग तुपाचे डबे आले. वादळात काही समुद्रात गेलेले, उरले ते उतरले. लाँचचा तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणाला नऊशे सत्त्याण्णव. ह्यांनी मोजले, तेवढेच.

मुकादम म्हणाला, "दोघं मिळालेले आहेत. रांगा लावा!"

सात रांगा केल्या, तीन डबे उरले. अकरा केल्या, सात उरले. तेरा केल्या, नऊ!

"खलास! इस्माईलनं मधले डबे उचलले. अरबाबना सांगतो, पुढच्या लाँचनं रत्नागिरीला धाडा!"

अरबाब म्हणजे गोदामाचे मालक. मी घरी ट्रंक काढली.

*

माझा भाऊ करीम मॅट्रिक झालेला. तो धावत गेला. "मुकादम, ही मूळ संख्या आहे. सारखे भाग पडतच नाहीत. एकतीस रांगांपर्यंत करून बघा, पुढं गरज नाही. पुढं नुसती अदलाबदल. रांगा वाढतात, रांगेतले डबे घटतात."

"इस्माईलचा मेहुणा ना तू? हे गणितही त्याच्या सासरचंच दिसतंय!"

एकतीस रांगा लावल्या. पाच उरले.

"झालं?" करीम म्हणाला.

"एकतीसला थांब का म्हणतोस? बत्तीसमध्ये काय लपवलंय?"

बत्तीस लावल्या. पुन्हा पाचच! मुकादम त्या पाच डब्यांकडे असा बघत राहिला, जणू तेही कटात सामील.

*

शेवटी अरबाब आले. करीमला हिंदीत विचारलं, "कोई रास्ता नहीं?"

"है ना. सब एक ही लाइन में."

"यल्ला! लगाओ!"

रांग गोदामाच्या दारातून निघाली, गल्लीतून वळली, थेट खाडीपर्यंत! दुकानदार उठून बघायला आले. मी पोरीला कडेवर घेऊन उभी. अरबाब टोकापर्यंत चालत गेले, परत आले. "बराबर है. इस्माईल चोर नहीं."

माझा जीव भांड्यात पडला. मुकादमही पूर्ण रांग दोनदा चालून आला. घाम पुसला, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आवाज खाली आणला.

"इस्माईल, ही रांग अगदी बरोबर आहे. आता खरं सांग, दुसरी रांग कुठं ठेवलीस?"