शामलचं रिकामं फोल्डर

गोव्यातल्या आमच्या मांद्रेत गावच्या राखणदाराला, म्हणजे देवचाराला, रोटाचा नैवेद्य देणारे पुष्कळ आहेत. मी कधी दिला नाही. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन, घासाघीस करत मी गेस्ट हाऊसची मालकीण झाले, त्यात कुठल्या देवचाराचा हात नव्हता. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते... पण घडलं ते घडलं.

काउंटरवरचा कॉम्प्युटर माझ्या मुलीने, शामलने बसवला. त्यात लिनक्स टाकलं, मला बुकिंग करायला शिकवलं. गेल्या वर्षी गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात तिचं बीपी अचानक चढलं. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. दिवसकार्य आटोपल्यावर जावई महेश डिचोलीहून आला आणि मला न विचारता तिच्या फोल्डरमधले सगळे फोटो आपल्या ड्राइव्हवर घेऊन इथून पुसून गेला. म्हणाला, सारखे बघत बसलात तर आजारी पडाल. मुलगी माझी, कॉम्प्युटर माझा, आणि ठरवणारा हा! मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्यानंतर मशीन अडायला लागलं. सकाळी ठीक, दुपारी माउसही हलेना. मोप्याच्या विमानतळावर उतरून आलेले पाहुणे काउंटरवर ताटकळत. शेवटी पेडण्याहून नितीनला बोलावलं, तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आल्या आल्या रॅम बदलूया म्हणाला. मी त्याला झापलं — आधी दोष दाखव, मग नवी वस्तू विक. रॅम तपासली, ती चांगली निघाली. चालू असलेले प्रोग्राम पाहिले, तर सगळे मिळून थोडीशीच मेमरी घेत होते. बाकीची खुद्द कर्नलने, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याने, धरून ठेवली होती.

नितीनने मला समजावलं ते असं. एखादी फाईल मागितली आणि ती नसली, तर कर्नल ते नावसुद्धा 'नाही' म्हणून लक्षात ठेवतो. जागा कमी पडली की विसरतो. हा विसरत नव्हता, आणि त्या नावांनीच मेमरी भरत होती.

"काकी, कोणतरी एकाच फोल्डरात शोधताहा," तो म्हणाला. "गावणा नाय, तरी शोधताच हा."

फोल्डर शामलचं होतं. सापडत नसूनही कोणता प्रोग्राम शोधतोय ते दाखवणारा रकाना कोरा. नेटची वायर काढली तरी शोध चालूच. मग त्याने मागितली जाणारी नावं पडद्यावर आणली. रोमन अक्षरांत एकामागून एक सरकत होती — ओवी-बारसं-आई. ओवी-पहिली-चवथ. ओवी-मांद्रे-वाळू... फोटोंना नावं द्यायची शामलची हीच पद्धत. पण ओवी कोण? आमच्या घरात त्या नावाचं कुणीच नाही.

हा महेशचाच उद्योग, असं मी धरून चालले. फोनवर त्याला वाट्टेल ते बोलले. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. भांडायची माझी पुरी तयारी होती. त्याने पडद्यावरची नावं वाचली आणि तिथेच लादीवर बसला.

"मुलगी झाली तर ओवी," तो म्हणाला. "आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तुम्हाला बारशालाच सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं, आई."

नितीन उठून बाहेर गेला.

माझ्या नातीचं नाव मला असं कळलं. रागवायचं कुणावर ते सुचेना. मी म्हटलं, "तिला काहीतरी सापडू दे रे."

त्याच्या मोबाईलमध्ये सोनोग्राफीचा फोटो होता. मी तो कधी पाहिला नव्हता. करड्या धुरात एक कपाळ, एक इवलं नाक. त्याने तो शामलच्या फोल्डरमध्ये टाकला आणि नाव दिलं — ओवी-आई.

पडद्यावर सरकणारी नावं थांबली.

नंतर नितीनने सगळं मशीन पालथं घातलं. महेशने काही घालून ठेवल्याचा मागमूस नाही. कर्नलमधला बग असेल, असं तो म्हणतो, पण बगला ते नाव कसं ठाऊक, ते त्याला सांगता येत नाही. मलाही नाही.

आता मशीन सुरळीत चालतं. नितीनने दाखवलेली कमांड मी रोज दुपारी देते आणि मेमरीचा आकडा बघत बसते. तो वाढत नाही, म्हणजे कुणी शोधत नाही. शोधत होती तोवर शामल इथेच कुठेतरी होती... सापडू दे म्हणून मीच सांगितलं.