दामूची सूर्यघडी आणि माझा पाना

दामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्यात न्हाव्याच्या खुर्चीत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून बसमध्ये चढलो. सौंसरपर्यंत अख्खी बस माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि मी... मला काही कळूनच नव्हतं राहिलं. आदल्या संध्याकाळी तर तो फोनवर माझी टिंगल करून राहिला होता.

दामू रामाकोन्याचा संत्रेवाला, माझा शाळेपासूनचा मित्र. उज्जैनला लग्नाला गेला आणि लग्न सोडून तिथल्या जुन्या वेधशाळेत दगडी यंत्राची सावली पाहत तीन दिवस बसला. वहिनी म्हणतात तीन तास. मी दिवसच सांगणार. परतल्यावर त्यानं बागेत सिमेंटचा ओटा बांधला, वर तिरपी लोखंडी पट्टी. उज्जैनचा कोन इथं चालत नाही, आपण दीड अंश दक्षिणेला, म्हणून ती चारदा कापली. बसवताना मी धरून होतो.

पण सूर्यघडी घड्याळाच्या मागे! कधी पाव तास, कधी अर्धा. हिच्या भरवशावर तिगाव स्टेशनवर गेलं तर उद्याची गाडी मिळते, हे गावभर मीच पसरवलं. दामू शांत. "घड्याळ साऱ्या देशाचं, सावली रामाकोन्याची. दोघंही खरंच सांगून राहिले बे, किसन." कोणत्या महिन्यात किती फरक, याचा तक्ताही त्यानं मांडला होता.

गाव फारच हसायला लागलं, तेव्हा मलाच बघवेना. तो मंडीत गेलेला पाहून मी पान्यानं नट सैल केले, पट्टी फिरवली, सावली माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवली. गाव खूश. दामू मात्र रोज वही घेऊन ओट्याशी बसू लागला. त्याचा तक्ता जुळेना. उद्या सांगू, परवा सांगू... चार वर्षं गेली. धामण दिसली तर अजगर सांगणारा मी, एवढी एक खरी गोष्ट माझ्या तोंडून निघाली नाही.

तेरवीला वहिनींनी सात वह्या पुढ्यात ठेवल्या. रोजचे आकडे. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'पट्टी बरोबर. माझंच गणित चुकून राहिलं.' पान्याची सगळी गोष्ट तिथंच वहिनींपुढे ओकलो.

वहिनींनी वह्या परत एकावर एक रचल्या. मग म्हणाल्या, "मी म्हणत होती, पट्टी पाहा एकदा. तर म्हणे, ते किसननं धरली होती, तिकडे पाहाचं कामच नाही."

पट्टी मी जागेवर आणली. जुना तक्ता मिनिटाला जुळला. आता रामाकोन्याला गेलो की ताटं वाढलेली असतात, माझ्या घड्याळात बारा होऊन गेलेले असतात, आणि ओट्यावरची सावली बाराच्या रेघेवर येईपर्यंत वहिनी आणि मी घासाला हात लावत नाही.