तांदळाच्या डब्यामागच्या चपला

माझ्या पत्नीच्या शोकसभेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी एक वाक्य उच्चारले : ‘बाईंनी पोटची मुलगी बाजूला ठेवून परक्यांची लेकरे वाढवली.’ सभेने माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसलेली आमची एकुलती एक मुलगी उठली आणि कोणाकडेही न पाहता बाहेर निघून गेली. पुढे पत्नीच्या स्मरणार्थ भिवंडीतल्या नारपोलीत ती मुलांना शिकवत असे त्या खोलीवर संगमरवरी पाटी बसवायचे ठरले, तेव्हा मंडळींनी कोरण्यासाठी नेमके हेच वाक्य निवडले. मी हरकत घेतली. भिवंडीच्या कोर्टात वकिली करण्यात माझी हयात गेली आहे. स्तुतीचा अंगरखा घालून आलेला आरोप मला ओळखता येतो.

‘वकीलसाहेब, वाक्य लोकांना फार भावलंय,’ स्मारक समितीचे चिटणीस म्हणाले.

‘लोकांच्या पोटची होती का ती मुलगी?’ मी विचारले.

वस्तुस्थिती अशी. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत भिवंडीची वीज रोज तासन्‌तास जात असे. लूम, म्हणजे यंत्रमाग, थांबत, खटखट थांबे आणि शहर एकाएकी गप्प होई. सारे गाव त्या भारनियमनाला शिव्या घाली. माझी पत्नी मात्र त्याची वाट पाहत असे. नारपोलीच्या कारखान्यांत लहान मुले कांड्या भरत, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळत. लूम चालू असताना त्यांना कोणी सोडणे शक्य नव्हते. तिने माझ्या ओळखीच्या एका कोकणी मुसलमान कारखानदाराला गाठले आणि त्याच्याशी करार केला. तो करार माझ्यासमोर, चहा पिताना झाला.

‘भाभी, लाइट गेली की पोरं तुमची,’ तो म्हणाला. ‘लाइट आली की माझी. मंजूर?’

‘मंजूर. पण पाठवायला उशीर केलात तर मी लूमपाशी येऊन शिकवीन.’

‘या की. मलापन थोडं लिवायला शिकवा.’

कापडाचे तागे ठेवायची एक खोली त्याने रिकामी करून दिली. तिथे ती मुलांना वाचायला शिकवी, सुताने कापलेल्या बोटांना मलम लावी, ज्यांच्या आईबापांना पटवता येईल त्यांची नावे महापालिकेच्या शाळेत घाली. तिने बालमजुरी संपवली, असे समितीच्या स्मरणिकेत छापले आहे. ते खोटे आहे. तिने एकही लूम बंद पाडला नाही. तिने मालकाशी तडजोड केली, असे तिचे टीकाकार म्हणतात. ते खरे आहे. पण त्या तडजोडीची किंमत त्यांना ठाऊक नाही. वीज आली की मुले शब्द अर्धा टाकून उठत, आणि ती त्यांना अडवू शकत नसे. अशा दिवशी ती घरी येऊन ताटावर नुसती बसून राही. 

आता मुलीची बाजू. ती तेव्हा प्राथमिक शाळेत होती. दुपारी पंखा थांबला की आई चपला घालते, हे तिने फार लवकर ताडले, आणि ती त्या चपला तांदळाच्या डब्यामागे लपवू लागली. मी बाहेरच्या खोलीत पक्षकारांसोबत बसलेला असे. मधले दार उघडे असे. पुढचे सगळे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

‘माझ्या चपला कुठं गेल्या गो?’ पत्नी मोठ्याने विचारी. ती जवळच्या अंजूर गावची, घरात तिची बोली तीच राहिली. ‘कॉटखाली हाय का?’ मग ती गुडघ्यांवर बसून कॉटखाली वाकून पाही. मग मोरीत. मग देव्हाऱ्याच्या फळीखाली. ‘न्हाय बा. उंदरानं नेल्या वाटतं.’ शेवटी कधीतरी तिला तो डबा आठवे.

त्या चपला कुठे असतात, हे तिला पहिल्याच दिवशी कळले होते. तिकडे ताग्यांच्या खोलीत मुले खोळंबलेली, वीज कधीही परत येईल, आणि ही बाई रोज आधी सगळ्या चुकीच्या जागा शोधत होती. जी आई मुलीला बाजूला ठेवते ती असे करत नाही.

पुढे वीजपुरवठा सुधारला. शहर सुखावले. कारखानदार दारात येऊन म्हणाला, ‘भाभी, आता लाइट जातच न्हाई. मी काय करू?’ पत्नी थकली म्हणून वर्ग बंद पडला, हेही स्मरणिकेतले एक असत्य. ती दिवसभर घरी असू लागली, तोवर मुलगी शिकायला ठाण्याला गेली होती. चपला दारात उघड्या पडून असत. त्या लपवायला कोणी उरले नव्हते.

पाटीचा वाद चालू असताना मुलगी एका दुपारी घरी आली.

‘बाबा, वाक्य खरं आहे. कोरू दे त्यांना. फक्त मला उद्घाटनाला बोलावू नका.’

‘तू एकटी नव्हतीस. मी घरात होतो.’

‘होतात. पक्षकारांसाठी.’

मी तिला चपलांची हकीकत सांगितली. ती आजवर समजत होती की आपण आईला रोज फसवत होतो.

‘म्हणजे तिला ठाऊक होतं?’

‘पहिल्या दिवसापासून.’

‘मग आधी कॉटखालीच का बघायची?’

‘तू कॉटवर तोंडावर हात दाबून हसू आवरत बसलेली असायचीस म्हणून.’

मुलगी कॉटकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘आणि तरी जायची.’

‘जायची,’ मी म्हणालो.

समितीने अखेर ते वाक्य वगळले. पाटीवर आता पत्नीचे नाव आहे आणि त्याखाली ‘वर्ग’ एवढाच शब्द. उद्घाटन पुढच्या आठवड्यात आहे. मुलगी येईल की नाही, ते तिने सांगितलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.