आटवलेली माकडाची शेपटी

काय सांगू, स्वतःची शोभा करून घ्यायला मला परकी माणसं कधीच लागली नाहीत. हा किस्सा ऐकताना चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

२०१० चा डिसेंबर, आयर्लंडात मंदी ऐन भरात. नावनच्या एका मेडिकल डिव्हाइस कंपनीत मी काँट्रॅक्टवर इंजिनियर. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आमचा मॅनेजर कॉनर ठरवणार होता. म्हणून ख्रिसमसआधी त्याला घरी जेवायला बोलावलं. सोबत माझ्या शेजारच्या टेबलावरची पाउला. ती चिलीची. त्यांच्याकडे ख्रिसमसला 'कोला दे मोनो' करतात, म्हणजे माकडाची शेपटी. दूध, कॉफी, साखर, दालचिनी, लवंग आणि तिकडची कडक दारू.

दारूची बाटली पाउलानेच दिली आणि बजावलं, "दूध उकळून पूर्ण गार कर. दारू मग घाल."

आता दूध कसं उकळायचं हे मला चिलीने शिकवायचं? मी पुण्याचा. दुधात साखर-मसाला पडला की ते आटवायचं, हे आमच्या रक्तात आहे. दारूसकट सगळं पातेल्यात ओतलं आणि तासभर ढवळत बसलो. वर जायफळ किसलं.

बायको, मेधा, नाकाला ओढणी लावून आली. "अरे, घरभर वास सुटलाय. दारू उडून चाललीय सगळी."

"आटली की कडक होते. तुला नाही कळायचं."

"तू केमिकल इंजिनियर आहेस ना?"

मी गॅस आणखी मोठा केला. मोठी माणसं असल्या प्रश्नांना उत्तरं देत नाहीत.

संध्याकाळी गार ग्लास हातात देत मी सगळ्यांना दम भरला, "जपून हं, फार स्ट्राँग आहे." कॉनर म्हणाला, "ग्रँड." दुसऱ्या ग्लासला माझे पाय हलके झाले. तिसऱ्याला मला रीतसर चढली. मग काय, कॉनरच्या गळ्यात हात टाकून मी सांगितलं, की तुझं नवं शिफ्टचं वेळापत्रक म्हणजे शुद्ध गाढवपणा आहे आणि मीटिंगमधल्या तुझ्या विनोदांना आम्ही फक्त पगारासाठी हसतो.

सोमवारी त्याच्या केबिनमध्ये गेलो. "सॉरी कॉनर, परवा जरा जास्त झाली. काय बोललो ते आठवतही नाही."

तो शांतपणे म्हणाला, "पाउलाने पहिल्याच घोटाला मला सांगितलं, यात दारूचा थेंब उरलेला नाही. म्हणून तर मी गाडी चालवत घरी गेलो."

फेब्रुवारीत काँट्रॅक्ट संपलं, आणि कॉनरने मोठ्या प्रेमाने कार्ड-बिर्ड देऊन मला निरोप दिला.

घरी येऊन मी मेधाला काकुळतीने म्हटलं, "पण मला खरंच चढली होती गं."

"चढली होतीच," ती म्हणाली. "मॅनेजर आपल्या घरी जेवायला आला, ते चढलं होतं तुला. दारूचा काय संबंध?"