परभणीची माती पराशरला

"डिकीत नको," बाबा म्हणाले आणि पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. मी डिकी उघडी धरून उभा होतो. ती बंद केली.

पिशवीत माती होती. परभणीजवळच्या त्यांच्या शेतातली, काळी, चांगली तीनेक किलो. बाबा म्हणजे माझे सासरे. दसऱ्याला ते आमच्याकडे मोहालीला, एयरोसिटीत आले ते ही पिशवी घेऊनच. बाल्कनीतल्या कढीपत्त्याला इथली माती मानवत नाही, हे त्यांनी व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून ठरवलं होतं. आल्या आल्या त्यांनी कुंडीत बोट घातलं आणि बाहेर काढून फुंकर मारली.

"ही माती हाय का रवा? हिच्यात माणूस कसा काय राहायलाय?"

माझी बायको नीलिमा केंद्र सरकारच्या नोकरीत मातीचं सर्वेक्षण करते. तिच्या बदलीमुळे आम्ही इथे आहोत. मी साहित्य शिकलो, म्हणून गाडी चालवतो.

सासूबाई गेल्यापासून बाबा गावात एकटे आहेत. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून घसरले आणि आम्हाला ते शेजाऱ्यांकडून कळलं, आठवड्यानंतर. नीलिमाला ते इथेच राहायला हवे आहेत. हा विषय निघाला की बाबा मातीवर येतात. या वेळीही आले.

"काळी माती दाखव, राहतो. नाहीतर दिवाळी झाली की अंबाल्याहून नांदेडच्या गाडीचं तिकीट काढ."

"पक्का?" आमची मुलगी ओवी म्हणाली. ती मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते.

"पक्का. आणि तवर ही पिशवी कुंडीत जायची नाही. तुझी आई हरली तर परत नेणार."

नीलिमाला मंडीच्या वर, पराशर तलावाच्या अलीकडच्या कुरणात कामासाठी एक खड्डा घ्यायचाच होता. तिथली माती काळी आणि चिकट आहे असं तिने ऐकलं होतं. दोन्ही कामं एकाच खड्ड्यात होणार होती.

रस्त्याबद्दल. मोहालीहून रोपड, कीरतपूर आणि पुढे नवा चौपदरी रस्ता. बोगदे झाल्यापासून मंडीपर्यंत पोटातलं पाणी हलत नाही. गाडी नसेल तर चंदीगडच्या सेक्टर ४३ च्या बस अड्ड्यावरून मंडीच्या बस मिळतात. मंडीपासून पुढे कटौला, बग्गी आणि मग एकेरी, वळणावळणाचा चढ. हा शेवटचा तुकडा उजेडात करा.

हिमाचलच्या हद्दीजवळ नाक्यावर गाडी थांबवली. हवालदार वाकला.

"बाबाजी, थैले में क्या है?"

"मिट्टी."

"कैसी मिट्टी?"

"काली. हमारे खेत का."

हवालदाराने पिशवीत हात घातला. हात काळा झाला. "ले कहाँ जा रहे हो?"

"दिखाने."

"किसको?"

बाबांनी डोंगराकडे बोट केलं. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहिलं. त्याने जाऊ दिलं.

मंडीत जेवलो. सेपू बडी मागवा. पालकाच्या रश्श्यात उडदाच्या वड्या असतात. बाबांनी दोनदा घेतली आणि वर म्हणाले की उडीद मात्र काळ्या मातीतलाच.

बग्गीच्या वर बिमलाजींकडे राहिलो. दोन खोल्या, खाली गोठा, भाडं हजाराच्या आसपास, गरम पाणी बादलीने. रात्रीच्या जेवणाला सिड्डू, म्हणजे सारण भरून वाफवलेली फुगीर कणकेची रोटी, आणि वर तूप. ऑक्टोबरात तिथे थंडी असते, मोहालीचं ऊन बघून स्वेटर घरी ठेवू नका. मी ठेवला होता. बाबांनी मला त्यांची जुनी कानटोपी दिली, आणि नीलिमाने फोटो काढला.

कुरण बिमलाजींच्या घरामागून सुरू होतं. देवदार संपतात आणि एकदम गवत. ऑक्टोबरात ते पिवळं पडायला लागतं. खणायची परवानगी नीलिमाने आधीच घेतली होती, पण बिमलाजींची अट वेगळी होती.

"जैसा खोलोगे, वैसा ही बंद करोगे जी. मेरी गाय की टाँग का सवाल है."

सर्वेक्षणाची रीतही तीच आहे. आधी गवताचे चौकोन मुळांसकट कापून सावलीत ठेवायचे. मग वरच्या थराची माती एका ताडपत्रीवर, खालची दुसऱ्या. भरताना उलट क्रमाने. नीलिमा खणत होती, मी ताडपत्र्या ओढत होतो. बाबा कडेला बसून, पिशवी मांडीवर, कुदळ कशी धरावी ते सांगत होते.

खड्डा कंबरेएवढा झाला तशी नीलिमाने एक बाजू सुरीने साफ केली. उभा छेद दिसायला लागला. वर वीतभर काळा थर, मुळांनी गच्च. हातात घेतला तर मऊ दाण्यांमध्ये सुटत होता, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. त्याखाली तपकिरी, घट्ट चिकणमाती. ढेकळं फोडली की त्यांच्या अंगावर पातळ चकाकी दिसे. वरून पाण्याबरोबर झिरपलेली बारीक माती तिथे साचते, नीलिमा म्हणाली. आणखी खाली गंजासारखे ठिपके, कारण पाणी लवकर निचरत नाही. तळाशी पाटीच्या दगडाचे तुकडे.

नीलिमाने रंगांच्या चौकोनांचं पुस्तक काढून ओलं ढेकूळ शेजारी धरलं.

"काळी आहे," ती म्हणाली.

"बघू," म्हणत बाबा खड्ड्यात उतरले. सत्तरीच्या माणसाला उतरू नका म्हणता आलं असतं, पण आम्ही बोलेपर्यंत ते आत होते.

मग पट्टीची परीक्षा. ओला गोळा अंगठ्याने बोटावरून पुढे ढकलत जायचा. पट्टी न तुटता जितकी लांब लोंबेल तितकी चिकणमाती जास्त. ओवीची तुटली. माझी तयारच झाली नाही. बाबांनी एका हाताने पराशरची आणि दुसऱ्या हाताने परभणीची केली. दोन्ही लांबलचक लोंबत राहिल्या.

"अगं, ही तर आपलीच!" ते ओरडले. वरून गाय हंबरली.

नीलिमाने आता फक्त हो म्हणायचं बाकी होतं. मी तिला खुणेनं तेच सांगितलं. तिने आपल्या कामाच्या पिशवीतून ॲसिडची बाटली काढली.

परभणीच्या मातीवर थेंब पडला आणि फेस आला. चुनखडी. पराशरच्या मातीवर थेंब नुसता मुरला. मग ती छेदासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ बोटाने काहीतरी शोधत राहिली. रेगूर, म्हणजे बाबांच्या लेखी खरी काळी माती, फुगते आणि आकसते, तेव्हा आतली ढेकळं एकमेकांवर घासतात आणि आरशासारखी गुळगुळीत होतात. वरून खोल भेगा पडतात. इथे ना भेगा, ना तसा एकही घासलेला पृष्ठभाग.

"बाबा, ही रेगूर नाही."

"मग काय हाय?"

"मॉलिसॉल म्हणतात. गवताची माती. हिचा काळा रंग मुळांचा आहे. गवत मरतं, मुळं कुजतात, थंडीमुळे पुरती संपत नाहीत, साठत जातात. आपली माती काळ्या दगडाची. तिच्यातला कण पाणी पिऊन फुगतो. हिच्यात तो कण फारसा नाही. चिकट आहे, पण शांत आहे."

बाबा पट्ट्या हातात घेऊन उभे होते. "शांत," ते म्हणाले.

मी नीलिमाला बाजूला घेतलं. "एक हो म्हणाली असतीस तर काम झालं असतं."

"मातीबद्दल मी खोटं बोलत नाही. नवऱ्याबद्दल बोलते." ती हसली नाही. तिचे डोळे भरले होते, आणि मातीच्या हाताने पुसल्यामुळे गाल काळा झाला होता.

खड्ड्यातून आवाज आला. "पोरी, ओल्या मातीला भेग कशी पडंल? वाळवून बघ की. आमच्याकडं पण श्रावणात कुठं भेगा राहतात?"

नीलिमा खड्ड्याकडे वळली. "वाळवून बघता येतं. दोन्हीच्या सारख्या लांबीच्या कांड्या करायच्या. वाळल्यावर जी जास्त आखडेल ती खरी रेगूर."

"मग तसं कर. तवर निकाल नाही."

खड्डा उलट क्रमाने भरला. शेवटी गवताचे चौकोन बसवून पाणी घातलं. बिमलाजी त्यावर चालून पाहत होत्या, टाच रोवून. "चलेगा जी," त्या म्हणाल्या आणि चहा दिला. तिथून तलाव जवळ आहे. तरंगतं बेट, लाकडी देऊळ, सगळं आहे. आम्ही घाईत पाहिलं, कारण बाबांना कांड्यांची ओढ लागली होती. तुम्ही सावकाश पाहा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो, दुपारी घरी. ओवीच्या खोकल्याच्या औषधाची सिरिंज होती, तिचं टोक कापून नीलिमाने दोन्ही मातींच्या कांड्या पाडल्या. सारख्या लांबीच्या. स्टीलच्या ताटात शेजारी शेजारी ठेवल्या, ताट बाल्कनीत उन्हात. वरून विमानं जात होती. बाबा ताटाशेजारी खुर्ची टाकून बसले.

"आजोबा, ये भागेगी नहीं," ओवी म्हणाली.

"तुला काय म्हाईत."

या सहलीतून काय राहिलं, ते लिहायला मी संध्याकाळी बसलो. कुरण आठवत होतं. तो छेदही, वर काळा आणि खाली तपकिरी. पण खरं सांगायचं तर मी बाल्कनीकडेच पाहत होतो. माती काळी असून चालत नाही, ती तडकावी लागते, अशी अट होऊन बसल्यावर बाबांना घरी कसं ठेवायचं, हे मला सुचत नव्हतं. निकाल काय लागणार ते नीलिमाला माहीत होतं. ती मोबाईलवर अंबाल्याच्या गाड्या बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तेव्हा बाबा बाल्कनीत चहा पीत होते. पराशरची कांडी वाळून थोडी आखडली होती. परभणीची काळीभोर, ओलसर, जशीच्या तशी लांब होती. दोरीवर बाबांचा पंचा वाळत होता. त्यावर मातीचा काळा, लांबट डाग होता आणि पाणी अजून ठिबकत होतं. नीलिमाने ताटाकडे पाहिलं, पंच्याकडे पाहिलं, मग ओवीची शाळेची पट्टी आणून दोन्ही कांड्या मोजल्या.

"पराशरची जास्त आखडली," ती म्हणाली.

"मग हरलो की मी."

"हो बाबा. हरलात."

ऑफिसच्या अहवालात तिने मॉलिसॉलच लिहिलं. नाश्ता झाल्यावर बाबांनी पिशवी उलटी करून कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामी केली.